शाळेच्या लीडरशिप टीमला समान हेतू कसा सापडतो: पहिल्या गप्पांपासून वर्षभराच्या कामापर्यंत

मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक, दोन-तीन विभागप्रमुख, ऑफिस सांभाळणारी व्यक्ती, अशी पाच ते आठ माणसं दर आठवड्याला एका टेबलाभोवती बसतात. सगळी कष्टाळू असतात आणि सगळ्यांना मुलांची मनापासून काळजी असते. तरी मीटिंग संपल्यावर एकेकाला बाजूला घेऊन विचारा की ही टीम नेमकी कशासाठी आहे, उत्तरं जुळत नाहीत. एक म्हणतो शाळा सुरळीत चालावी म्हणून, दुसरी म्हणते निकाल सुधारावा म्हणून, तिसऱ्याला वाटतं मुख्याध्यापकांना हातभार लावायला, आणि चौथी सरळ सांगते की मीटिंग ठरलेली असते म्हणून आम्ही येतो. यात कोणाची चूक नाही. त्यांना कधी हा प्रश्न एकत्र बसून विचारलेलाच नसतो.

हा लेख अशा टीमला मदत करायला बसणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही बाहेरून आलेले फॅसिलिटेटर असाल, संस्थेतले कोणी असाल, किंवा स्वतः मुख्याध्यापक असाल, पायऱ्या त्याच. फक्त मुख्याध्यापक स्वतःच सूत्रसंचालन करणार असतील तर एक अडचण येते, ती पुढे सांगते.

आधी हे स्पष्ट करून घ्या

शाळेचं व्हिजन वेगळं आणि या टीमचा हेतू वेगळा. शाळेचं व्हिजन म्हणजे शाळा मुलांसाठी काय करू पाहते. टीमचा हेतू म्हणजे ही सहा-सात माणसं एकत्र बसल्यामुळे काय होतं, जे ती आपापल्या खोलीत बसून कितीही मेहनत केली तरी होणार नाही. बहुतेक ठिकाणी पहिलं लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याबद्दल कोणी बोललेलंच नसतं, त्यामुळे टीम आपोआप निरोप द्यायची आणि घ्यायची जागा होऊन बसते. तुम्ही मदत करणार ती दुसऱ्या प्रश्नावर. पहिल्याच दिवशी हे टीमला सांगून टाका, नाहीतर सगळे भिंतीवरच्या बोर्डातले शब्द सुधारायला बसतात आणि अख्खी दुपार त्यात जाते.

पायरी १: सगळ्यांशी एकेकट्याने बोला

एकत्र बैठकीच्या दोन-तीन आठवडे आधी प्रत्येकाशी पाऊण तास निवांत बोलायचं. बंद दाराआड आणि लॅपटॉप न उघडता, कागदावर नोंदी घेत. ही पायरी वेळ नाही म्हणून गाळली जाते आणि मग एकत्र बैठकीत लोक जपून जपून बोलतात, कारण तुम्ही कोण, हे बोललेलं कुठं जाणार, हेच त्यांना माहीत नसतं.

प्रश्न थोडे आणि साधे ठेवा:

- गेल्या वर्षात या टीमने एकत्र येऊन केलेली अशी कोणती गोष्ट आहे जी तुम्हाला एकट्याला जमली नसती?
- मीटिंगमधून बाहेर पडताना कधी वाटलं की बरं झालं आपण बसलो? आणि कधी वाटलं की हे एका मेसेजमध्ये झालं असतं?
- असा कोणता विषय आहे जो सगळ्यांना माहीत आहे पण टेबलावर येत नाही?
- ही टीम उद्यापासून बंद झाली तर कोणाचं नुकसान होईल?

शेवटच्या प्रश्नाला घाई करू नका. लोक आधी थबकतात, मग "कोणाचंच नाही" किंवा "मुख्याध्यापकांचं" असं म्हणतात, आणि तुम्ही तेवढं शांत बसलात तर मग खरं उत्तर येतं. गोपनीयतेचं सुरुवातीलाच सांगा: मुद्दे मी एकत्र करून मांडेन, कोण काय म्हणालं ते सांगणार नाही. आणि ते पाळा. टीम छोटी असते, शब्दांवरून माणूस ओळखू येतो, म्हणून कोणाचं वाक्य जसंच्या तसं बैठकीत वाचून दाखवायचं असेल तर आधी त्या व्यक्तीला विचारा.

स्वतः मुख्याध्यापकच हे करणार असतील तर अडचण हीच आहे. ज्याच्या सहीने रजा मंजूर होते त्याच्यासमोर "मीटिंगचा उपयोग होत नाही" असं कोण म्हणणार? अशा वेळी या गप्पांपुरता तरी दुसऱ्या शाळेतला विश्वासू सहकारी किंवा निवृत्त शिक्षक शोधा.

पायरी २: कागदपत्रं काय सांगतात ते बघा

टीमचा आजचा खरा हेतू तिच्या वेळेत दिसतो. गेल्या तीन महिन्यांचे अजेंडे आणि इतिवृत्तं घ्या, प्रत्येक विषयापुढे चारपैकी एक खूण करा: माहिती दिली, कामं वाटली, निर्णय घेतला, किंवा एखाद्या अवघड गोष्टीवर एकत्र विचार केला. मग अंदाजे किती वेळ कशाला गेला ते मांडा. हे काम टीममधल्याच दोघांना द्या म्हणजे आकडे बाहेरून लादल्यासारखे वाटणार नाहीत, आणि जमलं तर त्यातला एक ऑफिसचा असू दे कारण इतिवृत्ताच्या फायली त्यांच्याच कपाटात असतात.

बहुतेक वेळा माहिती आणि कामवाटप यांची यादी लांबलचक निघते आणि चौथ्या खुणेखाली एखाद-दुसरा विषय. हा तक्ता बैठकीत दाखवताना कोणाला दोष द्यायचा नाही, फक्त विचारायचं की हे बघून बाहेरच्या माणसाला आपली टीम कशासाठी आहे असं वाटेल? एवढा एकच प्रश्न. त्यावर जी चर्चा होते ती तुम्ही दिलेल्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त काम करते.

पायरी ३: एकत्र बैठकीची तयारी

किमान सलग साडेतीन-चार तास हवेत. शाळा सुटल्यावरचा उरलेला तास चालणार नाही, माणसं दमलेली असतात आणि डोळा घड्याळावर असतो. जागा शाळेबाहेरची किंवा निदान मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेरची, कारण केबिनमध्ये सगळे आपापल्या नेहमीच्या खुर्चीत बसतात आणि खुर्चीसोबत नेहमीची भूमिकाही येते. त्या वेळात शाळा कोण बघणार हे आधी ठरवा, नाहीतर दर दहा मिनिटांनी कोणाला तरी बाहेर बोलावलं जाईल.

मुख्याध्यापकांशी आधी वेगळं बसून दोन गोष्टी पक्क्या करा. एक, प्रत्येक फेरीत ते सगळ्यात शेवटी बोलतील. दोन, जे निघेल त्यातलं काय बदलायची त्यांची तयारी आहे आणि काय त्यांच्या हातातच नाही हे ते सुरुवातीला मोकळेपणाने सांगतील. अभ्यासक्रम, सरकारी नियम, बजेट यातलं बरंच वरून ठरून आलेलं असतं, ते लपवून "सगळं खुलं आहे" असं म्हटलं तर पुढे विश्वास तुटतो.

शेवटी बोलण्याचा आग्रह मी का धरते ते सांगते. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. रेषांची लांबी जुळवण्याइतका सोपा प्रश्न, आणि खोलीतले बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर देणारे. अशा वेळी साधारण एक तृतीयांश उत्तरं बहुमताच्या चुकीकडे झुकली. पण एकाच माणसाने जरी बरोबर उत्तर देऊन साथ दिली किंवा उत्तर तोंडी न देता खाजगीत लिहायला सांगितलं, तर हे झुकणं खूप कमी झालं. त्या खोलीत कोणी कोणाचा वरिष्ठ नव्हता. शाळेच्या टीममध्ये तर वरिष्ठ समोरच बसलेला असतो. म्हणून पुढच्या प्रत्येक फेरीत आधी शांतपणे लिहायचं, मग वाचून दाखवायचं, आणि सगळ्यांचं वाचून होईपर्यंत कोणीही प्रतिक्रिया द्यायची नाही. हा एवढा नियम कडक ठेवा, बाकी थोडं सैल चालेल.

पायरी ४: मुलांच्या गोष्टींपासून सुरुवात

हेतू म्हणजे काय यावर चर्चा सुरू केली की मोठमोठे शब्द येतात, सर्वांगीण विकास, गुणवत्ता, मूल्यं, आणि मग सगळे सहमत होतात कारण त्यात असहमत व्हायला जागाच नसते. म्हणून व्याख्येने सुरू करू नका. प्रत्येकाने एक मूल आठवायचं, खरं, गेल्या दोन वर्षांतलं, ज्याच्या बाबतीत शाळा म्हणून आपण कमी पडलो किंवा वेळेवर पोचलो. पाच मिनिटं लिहायचं, मग दोन-तीन मिनिटांत सांगायचं. मुलाचं नाव घ्यायचं नाही.

समजा पर्यवेक्षक सांगतात: सातवीतला मुलगा, वही एकदम नीटनेटकी, अक्षर सुंदर, फळ्यावरचं सगळं उतरवलेलं, तपासणीत नेहमी चांगला शेरा. एक दिवस सहज त्यातलं एक वाक्य वाच म्हटलं तर तो खाली बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. इतकी वर्षं तो अक्षरांची चित्रं काढत होता.

इथं बहुतेक फॅसिलिटेटर "किती हृदयस्पर्शी" म्हणून पुढच्या माणसाकडे वळतात. वळू नका. थांबा आणि विचारा, हे कोणाकोणाला थोडं थोडं माहीत होतं? मग हळूहळू निघतं. भाषेच्या विभागप्रमुखांना माहीत होतं की तो मोठ्याने वाचायची वेळ आली की पाणी प्यायला जातो. गणिताच्या शिक्षकाने उपमुख्याध्यापकांना सांगितलं होतं की तोंडी गणितं पटापट करतो पण शाब्दिक उदाहरणं सोडून देतो. ऑफिसला माहीत होतं की पहिली-दुसरीत त्याच्या दोन शाळा बदलल्या होत्या. प्रत्येकाकडे एक तुकडा होता आणि सगळे दर आठवड्याला एकाच टेबलावर बसत होते, तरी ते तुकडे कधी एकमेकांना भेटले नाहीत.

हा निव्वळ दुर्लक्षाचा प्रकार नाही, गट म्हणून बसलेल्या माणसांची ही सवयच असते. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवलं की गटात चर्चा होते तेव्हा जे सगळ्यांना आधीच माहीत असतं त्यावरच जास्त बोललं जातं, आणि जे एकाच सदस्याकडे असतं ते बऱ्याचदा बाहेरच येत नाही, भले निर्णय त्या तुकड्यावरच अवलंबून असो. शाळेच्या टीमला हे सांगून बघा. माणसं गप्प होतात, कारण त्यांना आपली मागची मीटिंग आठवते.

आणि इथंच पहिल्यांदा टीमला आपण एकत्र का बसतो याचं उत्तर दिसायला लागतं, कोणी न शिकवता. तुकडे जोडायला. हे त्यांच्या तोंडून येऊ द्या, तुम्ही आधी बोलून टाकू नका, मोह खूप होतो पण थांबा. तुमच्या टीममध्ये कदाचित वेगळंच काही निघेल, नवीन शिक्षक वर्षभरात सोडून जातात ते थांबवणं, किंवा प्राथमिक आणि माध्यमिक यांच्यामधली दरी. गोष्टी ज्या दिशेने नेतील तिकडे जा.

पायरी ५: मतभेद बाहेर काढा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. एकमत दिसायला लागलं की टीमला वाटतं झालं काम, आता वाक्य लिहू. पण जे मतभेद या दिवशी बाहेर येत नाहीत ते नंतर वेळापत्रकाच्या भांडणात किंवा परीक्षेच्या आठवड्यात येतात, आणि तेव्हा ते माणसामाणसांतलं भांडण वाटतं.

सोपी पद्धत अशी. कार्डांवर जोड्या लिहा, दोन्ही बाजू चांगल्या असतील अशा, कारण चांगलं विरुद्ध वाईट यात निवड करायला काही लागत नाही:

- अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणं / न समजलेल्या मुलांसाठी थांबणं
- सगळ्या वर्गांत सारखी पद्धत / प्रत्येक शिक्षकाला मोकळीक
- पालकांचं समाधान / शिक्षकांच्या निर्णयाला पाठिंबा
- चमकणाऱ्या मुलांना पुढे नेणं / मागे राहिलेल्यांना सोबत आणणं

जमिनीवर एक लांब चिकटपट्टी लावा, एका टोकाला एक बाजू, दुसऱ्या टोकाला दुसरी. वेळ आणि पैसे दोन्हींना पुरत नसतील तर तुम्ही कुठे, असं विचारून सगळ्यांनी एकदम उभं राहायचं. एकेकाने जाऊन उभं राहायचं नाही, नाहीतर सगळे मुख्याध्यापकांच्या आजूबाजूला जमतील. मधोमध उभं राहायला बंदी, थोडं तरी इकडे किंवा तिकडे.

मग दोन टोकांवरच्या माणसांना एकमेकांचं म्हणणं मांडायला सांगा. म्हणजे जो "अभ्यासक्रम वेळेत" या बाजूला आहे त्याने "थांबायला हवं" या बाजूचं म्हणणं असं मांडायचं की समोरची व्यक्ती म्हणेल, हो, मला हेच म्हणायचं होतं. ती हो म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा. यात वेळ जातो, पण वर्षानुवर्षं "तो फक्त निकालाचं बघतो" असं ज्याच्याबद्दल बोललं जात होतं तो खरं म्हणजे दहावीत नापास होऊन शाळा सुटलेल्या मुलांमुळे अस्वस्थ आहे, हे पहिल्यांदा ऐकू येतं.

सगळे मतभेद मिटवायचे नाहीत. कुठले मतभेद घेऊन आपण काम करू शकतो आणि कुठल्यावर ठरवल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, एवढं वेगळं करायचं. दुसऱ्या यादीत सहसा एक किंवा दोनच गोष्टी उरतात.

पायरी ६: वाक्य लिहा, पण सगळ्यांनी मिळून नाही

सात जणांनी एकत्र बसून वाक्य लिहिलं की प्रत्येकाचा एक शब्द आत येतो आणि वाक्यातला जीव जातो. दोघांना लिहायला द्या, शक्यतो पट्टीवर वेगवेगळ्या टोकांना उभे राहिलेल्या दोघांना. बाकीच्यांनी तेवढ्यात चहा घ्यावा, चक्कर मारून यावी. अर्धा तास पुरे. दोघांनी तीन पर्याय आणायचे, एक नाही.

वाक्य कसं सुधारत जातं ते वरच्याच मुलाच्या गोष्टीवरून बघू. पहिला मसुदा बहुतेक असा येतो: "विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी शिक्षकांना नेतृत्व व मार्गदर्शन देणे." कोणाचाच विरोध नाही, आणि याच्या आधारावर उद्याचा एकही निर्णय बदलणार नाही. दुसरा: "प्रत्येक मूल शिकतंय याची खात्री करणे." बरं आहे, पण हे तर प्रत्येक शिक्षक एकटाही म्हणेल, यात टीम कुठे? तिसरा: "जी मुलं वर्गात गप्प राहून मागे पडतात ती आम्हाला वेळेत दिसावीत आणि त्यांच्या शिक्षकाला एकट्याने झुंजावं लागू नये, म्हणून आम्ही एकत्र बसतो." लांब आहे, थोडं ओबडधोबड आहे, पण यात कोण, काय आणि एकत्र का, तिन्ही आहेत. मला असंच वाक्य आवडतं. गुळगुळीत करायच्या नादात "गप्प राहून" हे दोन शब्द कोणी काढायला निघालं तर हरकत घ्या, सगळा अर्थ त्यातच आहे.

प्रत्येक पर्यायाला हे विचारा:

- यामुळे आपण कशाला नाही म्हणू? उत्तर सापडत नसेल तर वाक्य अजून पोकळ आहे.
- शाळेतल्या शिपायाला किंवा नवीन पालकाला हे एकदा वाचून समजेल का?
- गेल्या वर्षातला एक अवघड निर्णय घ्या. हे वाक्य तेव्हा असतं तर निर्णय वेगळा झाला असता का?
- दुसरी कुठलीही शाळा हे जसंच्या तसं वापरू शकेल का? शकत असेल तर तुमच्या गोष्टींतलं काहीतरी आत यायचं राहिलंय.

पायरी ७: होकार कसा घ्यायचा

"सगळ्यांना मान्य?" असं विचारून माना डोलल्या की पुढे जाऊ नका. मूठ ते पाच बोटं ही पद्धत वापरा. पाच बोटं म्हणजे मी यासाठी पुढाकार घेईन, तीन म्हणजे शंका आहेत पण सोबत आहे, एक म्हणजे मोठी हरकत, बंद मूठ म्हणजे हे होऊ देणार नाही. तीन मोजून सगळ्यांनी एकदम हात वर करायचा. एक किंवा दोन बोटं दाखवणाऱ्याला फक्त एवढं विचारा की तुम्ही तीनवर यायला वाक्यात काय बदलायला हवं. समजावत बसू नका, आणि त्यांचे आभार माना, कारण त्यांनी आत्ता सांगितलं ते नंतर महाग पडलं असतं.

सगळ्यांची पाच बोटं यायची वाट बघू नका. सगळे तीन किंवा वर असतील तर सहा महिने वापरून बघण्याइतकं हे पुरेसं आहे.

पायरी ८: आधीच अपयशी झालोय असं समजून बघा

उठायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं प्रीमॉर्टेम करा, गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत लोकप्रिय केली. टीमला सांगायचं, एक वर्ष झालंय आणि हे वाक्य पूर्ण फसलंय, कोणाला आठवतही नाही. काय झालं असेल ते प्रत्येकाने लिहा. "काय अडचण येऊ शकते" असं विचारलं की लोक शिष्टाचार पाळतात, पण फसलंच आहे असं धरलं की मोकळेपणाने लिहितात: परीक्षा आल्या आणि मीटिंगा रद्द झाल्या, मुख्याध्यापकांची बदली झाली, आम्ही मुलांबद्दल बोललो पण त्यानंतर कोणी काही केलं नाही. यातली दोन-तीन कारणं निवडा आणि त्यावर आत्ताच उपाय लिहा, पुढच्या पायरीत ते कामाला येतात.

पायरी ९: दुसऱ्या दिवशीपासून काय बदलेल

वाक्य ठरल्याच्या पुढच्या मीटिंगचा अजेंडा आधीसारखाच असेल तर झालेलं सगळं वाया. म्हणून पहिला बदल अजेंड्यात. वरच्या वाक्याचंच उदाहरण घेतलं तर मीटिंगची पहिली पंचवीस मिनिटं अशा दोन-तीन मुलांसाठी ज्यांची काळजी कोणाला तरी वाटते, आणि प्रत्येकाने आपल्याकडचा तुकडा सांगायचा, ऑफिसनेसुद्धा. मग कोण काय करणार आणि कधी परत बघायचं, तेवढं लिहायचं. सूचना, तारखा, कोण कुठल्या ड्युटीवर, हे सगळं एका कागदावर किंवा ग्रुपवर आदल्या दिवशी, मीटिंगमध्ये फक्त त्यावरचे प्रश्न. अवघड विषय शेवटी ठेवला की तो दर वेळी पुढच्या आठवड्यावर जातो, म्हणून पहिला.

दुसरा बदल लीडर्सच्या वेळेत. व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शालेय नेतृत्वावरचे अनेक अभ्यास एकत्र करून बघितले की नेतृत्वाच्या कुठल्या कामाचा मुलांच्या शिकण्यावर किती परिणाम होतो. ध्येय आणि अपेक्षा ठरवण्याचा परिणाम ०.४२ निघाला (हे इफेक्ट साइझ, म्हणजे परिणाम किती मोठा आहे याचं माप), जो दखल घेण्यासारखा आहे. पण शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः भाग घेणं याचा परिणाम ०.८४, म्हणजे दुप्पट. नुसतं हेतू ठरवणं आणि त्या हेतूसाठी शिक्षकांसोबत बसून शिकणं यातला हा फरक आहे. तेव्हा टीममधल्या प्रत्येकाने पुढच्या तीन महिन्यांत शिक्षकांसोबत कुठे बसायचं ते कॅलेंडरवर लिहून टाका, विभागप्रमुख वाचनाच्या तपासणीत, पर्यवेक्षक नवीन शिक्षकांच्या वर्गात, मुख्याध्यापक निदान एका प्रशिक्षणात पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, उद्घाटन करून निघून जायचं नाही.

तिसरा बदल म्हणजे एक गोष्ट बंद करायची. एखादा रिपोर्ट जो कोणी वाचत नाही, एखादी कमिटी, एखादी तपासणी. काही बंद केल्याशिवाय नवीन सुरू केलं तर शिक्षकांना हे अजून एक ओझं वाटतं, आणि त्यांचं बरोबर असतं.

टीमबाहेरच्या शिक्षकांना कधी सांगायचं

लगेच नाही. आधी दीड-दोन महिने टीमने तसं वागून दाखवावं, मग सगळ्या स्टाफसमोर वाक्य आणि त्यामागची गोष्ट ठेवावी, आणि विचारावं की तुम्हाला आमच्या वागण्यात हे दिसतंय का, कुठे दिसत नाही. मोठा कार्यक्रम करू नका.

विश्वासच नसेल तर

कधी कधी पायरी १ मध्येच लक्षात येतं की या टीममध्ये लोक एकमेकांशी बोलतच नाहीत, जुनं काहीतरी दुखावलेलं आहे, बढतीवरून किंवा एखाद्या तक्रारीवरून. अशा वेळी हेतूची बैठक घेऊ नका. शिकागोतल्या प्राथमिक शाळांचा १९९० च्या दशकात अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी बरीच वर्षं अभ्यास केला. ज्या शाळांमध्ये मोठ्यांचा एकमेकांवर विश्वास भक्कम होता त्यांची सुधारणाऱ्या शाळांमध्ये येण्याची शक्यता दोनात एक होती, आणि जिथे विश्वास खूपच कमकुवत होता तिथे सातात एक. विश्वास कशाने बनतो हे त्यांनी चार गोष्टींत मांडलं: एकमेकांचा आदर, कामातली क्षमता, माणूस म्हणून आपुलकी, आणि बोलल्याप्रमाणे वागणं.

यातली चौथी सगळ्यात लवकर सुरू करता येते. म्हणून अशा टीमसोबत आधी दोन महिने फक्त छोटी वचनं द्यायची आणि पाळायची. मीटिंग वेळेत सुरू, वेळेत बंद. जे करतो म्हटलं ते पुढच्या मीटिंगच्या सुरुवातीला झालं की नाही ते सांगायचं, झालं नसेल तर कारण न देता नवीन तारीख. आणि ज्या दोघांमध्ये खरोखर तुटलेलं आहे त्यांच्याशी वेगळं बोलायचं, सगळ्यांसमोर नाही. कंटाळवाणं वाटेल, पण दोन महिन्यांनी तीच माणसं पट्टीवर उभी राहून खरं बोलायला तयार होतात.

एकच जण अडून बसला तर

आधी समजून घ्या की तो वाक्याला विरोध करतोय की बदलाने वाढणाऱ्या कामाला. दुसरं असेल तर त्याचं काम खरंच वाढतंय का ते कागदावर मांडा आणि वाढत असेल तर दुसरीकडून कमी करा. पहिलं असेल आणि त्याचा मुद्दा टीमने प्रामाणिकपणे ऐकून घेतला असेल, तर मुख्याध्यापकांनी स्पष्ट बोलावं की सहमत नसलात तरी चालेल, पण टीमने ठरवलंय त्याच्या विरोधात स्टाफरूममध्ये बोलणं चालणार नाही. हे बोलणं मुख्याध्यापकांचंच आहे, तुम्ही ते अंगावर घेऊ नका.

नवीन माणूस आला, किंवा मुख्याध्यापकच बदलले

टीममध्ये कोणी नवीन आलं की त्याला वाक्य छापून देऊ नका, गोष्टी सांगा. जुन्या सदस्यांपैकी दोघांनी अर्धा तास बसून सांगायचं की हे वाक्य कुठल्या मुलांमुळे आलं, कुठला शब्द कोणाच्या आग्रहामुळे राहिला, कशावर आम्ही अजूनही भांडतो. मग त्याने आपली एक गोष्ट सांगायची. महिन्याभराने त्याला विचारायचं की आम्ही म्हणतो आणि करतो यात तुला फरक कुठे दिसतो. नवीन डोळ्यांना हे पहिल्या महिन्यातच दिसतं, नंतर सवय होते.

मुख्याध्यापक बदलले तर वाक्य त्यांच्यावर लादू नका आणि टाकूनही देऊ नका. तीन महिने आहे तसं चालू ठेवायचं, मग पायरी ४ आणि ५ त्यांच्यासोबत पुन्हा, लहान स्वरूपात, दोन तासांत. कर्मचारी जास्त बदलले नसतील तर बहुतेक वेळा वाक्याचा गाभा टिकतो आणि दोन-चार शब्द बदलतात. त्यासाठी मूळ बैठकीची कार्डं, पट्टीवर कोण कुठे उभं होतं त्याचे फोटो, वाक्याचे तिन्ही मसुदे आणि प्रीमॉर्टेमचे कागद एका फाइलमध्ये ऑफिसात ठेवा, आणि फाइल कुठे आहे हे किमान तिघांना माहीत असू द्या.